संत आणि सांता: दिसतात सख्खे, निघतात परके

प्रश्न असा आहे की मेक्सिकोतल्या ‘सांता मुएर्ते’ला, म्हणजे सांगाड्याच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या मृत्युदेवतेला, मराठीत ‘संत मृत्यू’ म्हणावं का, आणि तिथला ‘सांता’ म्हणजे आपलाच ‘संत’ का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आधी एक गोष्ट कायमची मिटवू. ‘तो सांता मुएर्ते’ हे मी आता इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. सांता म्हटलं की लोकांना नाताळातला दाढीवाला आठवतो आणि पुढची सगळी क्रियापदं पुल्लिंगी होतात. तो दाढीवाला डच ‘सिंटरक्लास’वरून आला. स्पॅनिशमधला ‘सांता’ हे ‘सांतो’चं स्त्रीलिंगी रूप आहे, अर्थ ‘पवित्र’. मुंबईकर तर हा शब्द रोज लोकलमध्ये ऐकतात. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी, म्हणून सांता. स्पॅनिशमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी, म्हणून इथेही सांता. तेव्हा ‘ती’ सांता मुएर्ते.

आता खरी गंमत. या नावातला जो शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो तो परका आहे आणि जो परका वाटतो तो आपल्या रक्ताचा आहे. मुएर्ते आलं लॅटिन ‘मोर्तेम’वरून. स्पॅनिशने आघात असलेल्या जुन्या ‘ओ’चा ‘उए’ केला, जसं ‘पोर्ता’चं ‘पुएर्ता’, म्हणजे दार. हे मोर्तेम आणि आपलं मृत्यू, मरण, मेला, मढं, अमृत ही सगळी एका धातूची लेकरं. काही हौशी मंडळी मुएर्तेचा संबंध ‘मूर्ती’शी जोडतात. तो साफ चुकीचा आहे. मूर्ती ‘मूर्छ्’ धातूची, घट्ट होणं, आकार धरणं. ध्वनी जुळला की नातं जुळलं, असं होत नाही.

‘संत’चं हेच झालंय. सांतो आलं लॅटिन ‘सांक्तुस’वरून, म्हणजे विधीने पवित्र केलेला. आपला संत आला ‘सत्’वरून, ‘अस्’ धातूचं वर्तमानकालवाचक रूप, अनेकवचन ‘सन्तः’. जो आहे तो, खरा तो. मग या ‘सन्तः’चा लॅटिनमधला सख्खा भाऊ कोण? ‘सोन्स’, षष्ठीत ‘सोन्तिस’. आणि लॅटिनमध्ये सोन्सचा अर्थ आहे अपराधी! ‘हे कुणी केलं’ असं विचारल्यावर जो ‘तो’ असतो, तो. एकाच शब्दापासून इकडे ज्ञानोबा-तुकोबांची पदवी तयार झाली आणि तिकडे अपराध्याची. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. आणि मेक्सिकोच्या तुरुंगांत मोठ्या भक्तीने कुणाला भजतात? याच सांता मुएर्तेला. ज्यांना रोमच्या कायद्याने सोन्स म्हटलं असतं, ते तिच्यापुढे मेणबत्ती लावतात, कारण ती श्रीमंत-गरीब, साव-चोर असा भेद करत नाही.

तिच्या मुळाबद्दल काही अभ्यासक ठामपणे सांगतात की ती अॅझ्टेकांची पाताळराणी मिक्तेकासिवात्ल, नाव बदलून आलेली. मला हे पटत नाही, आणि माझा पुरावा व्याकरणाचा आहे. अॅझ्टेकांच्या नावाटल भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. मृत्यूला बाई केलं ते स्पॅनिशसारख्या लॅटिनच्या लेकींनी. शिवाय ‘सांता मुएर्ते’ म्हणजे आधी नुसतं ‘पवित्र मरण’, पापमुक्त होऊन येणारं मरण. कॅथलिक माणूस ते प्रार्थनेत मागायचा. मागता मागता त्या मरणालाच देह आला, कोयता आला, झगा आला. 1797 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कागदांत ग्वानाह्वातो प्रांतातले मूळ रहिवासी सांता मुएर्तेच्या पुतळ्याला ओल्या दोरीने बांधून ‘चमत्कार कर, नाहीतर फटके’ असं धमकावताना दिसतात. आपण देव पाण्यात घालून बसतो, त्यातलाच हा प्रकार.

उघड्यावरची भक्ती मात्र अलीकडची. मेक्सिको सिटीच्या तेपितो वस्तीत एन्रिकेता रोमेरो या बाईंनी, लोक त्यांना दोन्या केता म्हणतात, 2001 मध्ये घराबाहेर रस्त्यावरच तिला बसवलं. काचेमागे माणसाएवढा सांगाडा, अंगात झगा, डोक्यावर केस. पुढे सफरचंदं, तकीला, पेटवलेली सिगारेट. दर महिन्याच्या 1 तारखेला जपमाळेला गर्दी होते, काही जण गुडघ्यांवर चालत येतात. चर्चला हे मुळीच मान्य नाही. 2013 मध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल राव्हासी यांनी याला ईश्वरनिंदा म्हटलं.

भाषांतराकडे येतो. ‘मेक्सिकोचा यमराज’ नको. यम हिशेब ठेवतो, ही नवस ऐकते. ‘मृत्यू’ कोशात पुल्लिंगी खरा, पण महाभारताच्या शांतिपर्वात ब्रह्मदेवाच्या क्रोधातून मृत्यू जन्मते ती लाल वस्त्रातली सावळी स्त्री म्हणून. प्राणी मारायला ती नकार देते आणि रडते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत झेलतो आणि त्यांचेच पुढे रोग होतात. आणि आपली मरीआई? मरी म्हणजे साथ, तोच ‘मृ’ धातू, पुढे ‘आई’. जिचं भय वाटतं तिलाच आई म्हणायचं, ही रीत मराठीला कुणी शिकवायला नको. दोन्ही देवता एक आहेत असं मी म्हणत नाही. मरीआईचा पोतराज आसूड स्वतःच्या पाठीवर ओढतो, ग्वानाह्वातोत तो देवतेला दाखवला. पण शब्द घडवण्याची रीत तीच आहे, म्हणून माझं मत ‘मृत्युमाई’ला.

तिचे भक्त तिला लाडाने ‘ला फ्लाकिता’ म्हणतात, म्हणजे किडकिडीत पोरगी, आणि ‘ला उएसुदा’ही म्हणतात. या दुसऱ्यासाठी कोश उघडायलाच नको. आपल्याकडे ‘हाडकुळी’ आहे.

आणि लिहिताना ‘मुएर्ते’ असंच लिहा. ‘मूर्ते’ नको, ‘म्युर्ते’ तर अजिबात नको.