बेणारेचं बोट आणि दहा मार्कांचा प्रश्न

पत्र : मी ठाण्यात वागळे इस्टेटला राहते. मराठी घेऊन बी.ए. करतेय, यंदा शेवटचं वर्ष. कवितेला बरे मार्क पडतात, नाटकाच्या पेपरला मात्र ४६. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तीनदा वाचलं, गाइडमधली स्वभावचित्रणं पाठ केली, तरी तेवढेच. आणि गडकरी रंगायतनला नाटक बघायला बसले की मी हरवून जाते. बाबा म्हणतात, एम.ए.चा नाद सोड, बँकेच्या परीक्षा दे. मला नाटक कळतं, की नुसतं बघायला आवडतं?

उत्तर : बाबांचं नंतर बघू, आधी त्या ४६चं.

तीनदा वाचलंस म्हणतेस. माझा अंदाज, तिन्ही वेळा संवाद वाचलेस आणि कंसातला मजकूर ओलांडून पुढे गेलीस. सगळेच तसं करतात. आता पुस्तक काढ आणि फक्त सुरुवातीची पानं बघ. नाटकाची नायिका बेणारे हॉलमध्ये येते ती बोट चोखत, कारण दाराच्या कडीत ते चेमटलंय. सामंत तिला समजावतो की ही कडी जरा अर्धवट राहिली आणि दार ओढलं, की ते बाहेरून बंद होतं, आतला माणूस आतच. वाचताना वाटतं, काय हे फालतू बोलणं! पुढे ही नाटकमंडळी गंमत म्हणून बेणारेवर खटला भरतात, त्याचा फास आवळत जातो, ती सामान उचलून दाराशी जाते आणि दार उघडत नाही. तेंडुलकरांनी शेवटाची किल्ली आपल्या हातात आधीच देऊन ठेवली होती. सामंताकडे एक हिरवा कापडी पोपटही असतो. तो शेवटी कुठे जातो, ते तूच शोध.

हे दिसायला नाटक डोळ्यांसमोर मांडावं लागतं, अगदी शब्दशः. मी एम.ए.ला असताना परातीत कडधान्यं मांडायचे. खटल्यातले न्यायाधीश काशीकर म्हणजे राजमा, वकील सुखात्मे म्हणजे छोले, रोकडे बिचारा मुगाचा दाणा. कोण कुठे उभं, कोण कुणाकडे पाठ करून, हे सरकवत वाचायचं. आई विचारायची, "हे भिजत घालायचेत की अभ्यासाचे आहेत?" पण बेणारे एकटी पडते म्हणजे नेमकं काय, ते मला त्या परातीत कळलं.

वाक्यांमधली टिंबंही वाच. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात तू हरवतेस, त्या राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९चं, तेंडुलकरांचं हे नाटक १९६७चं. तिथे माणसं दारूच्या नशेतही घडीव, अलंकारिक बोलतात, इथे शुद्धीत असून वाक्यं अर्धी सोडतात. दोन्हींचं एकेक पान मोठ्याने वाच. नाट्यभाषेवरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

पेपरात 'बेणारेचे स्वभावचित्रण करा' आलं की गाइड सांगतं : निर्भीड, हसरी, संवेदनशील. तपासणाऱ्यानं हे तीन शब्द त्या दिवशी कितीदा वाचले असतील, विचार कर. तू कडीपासून सुरुवात कर. एक प्रसंग, त्यातून एक मुद्दा, मग दुसरा प्रसंग. अवतरणं छोटी आणि नीट आठवणारीच घे.

आता बाबा. ते चुकत नाहीत. मराठीत एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि ती पार झाली तरी कायमची जागा लगेच मिळेल असं मी तुला सांगणार नाही. शिवाय नेटमध्ये तुझी कडी-पोपट लिहायला जागा नाही. दोन पेपरांत मिळून १५० वस्तुनिष्ठ प्रश्न, ३०० गुण. तिथे सनावळ्या आणि लेखक-कृतींच्या जोड्याच पाठ हव्यात. स्पर्धा परीक्षांकडे वळलीस तर यूपीएससीला मराठी साहित्य वैकल्पिक विषय घेता येतो, ५०० गुणांचा. नाटक करायचंच असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे, पण तिथे प्रवेशाच्या वेळी तुझी टिपणवही कोणी मागणार नाही, काहीतरी करून दाखवावं लागेल.

बँकेचा फॉर्म यंदा भर. त्याने काही बिघडत नाही, घरातली धुसफूसही थांबेल. सोबत एक कर. पुढची चार नाटकं बघशील तेव्हा घरी येऊन त्याच रात्री एक पान लिही. गोष्ट लिहायची नाही. एखादं पात्र बोलत नव्हतं तेव्हा काय करत होतं, एवढंच लिहायचं. पानाची दोन-तीन पानं होत गेली तर एम.ए.चं बाबांशी मी बोलते. लिहिण्यापेक्षा ते करून बघावंसं वाटलं तर कलिना गाठ. आणि चारही वेळा पान कोरं ठेवून पाचव्या नाटकाचं तिकीट काढावंसं वाटलं, तर तू रसिक प्रेक्षक आहेस. बँकेच्या पगारात पुढच्या रांगेतली तिकिटं परवडतात.

पोपट सापडला की कळव.