‘महसुली खर्च’: मिळकतीच्या शब्दापुढे खर्च कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: महसूल म्हणजे सरकारची मिळकत. मग अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘महसुली खर्च’ कुठून येतो? त्यापेक्षा ‘चालू खर्च’ म्हटले तर काय बिघडेल?

शंका रास्त आहे. ‘महसूल’ अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ ‘हाती आलेले’. ‘त्यात काय हाशील?’ मधले हाशील आणि तहसीलदारातली तहसील ही त्याचीच भावंडे. (‘वसूल’ मात्र या घरातला नव्हे. कानाला जवळचा वाटतो, पण त्याचा धातू वेगळा, ‘पोहोचणे’ या अर्थाचा.) तेव्हा महसुलाच्या अर्थात खर्च कुठेच नाही.

मधला गळालेला शब्द परत ठेवला की कोडे सुटते. पूर्ण रूप आहे ‘महसुली खात्यावरचा खर्च’. विशेषण खर्चाचे नाही, खात्याचे आहे. या खात्यात कर, शुल्क, लाभांश जमा होतात आणि पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचे व्याज, डागडुजी याच खात्यावर खर्ची पडतात. दुसऱ्या, भांडवली खात्यात जमेला काढलेली कर्जे आणि विकलेली मालमत्ता. खर्चाला पूल, धरणे, जमीन, यंत्रे आणि सरकारने इतरांना दिलेली कर्जे. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद 112 हीच विभागणी सांगतो: महसुली खात्यावरचा खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवावा. त्या वाक्यात ‘भांडवली’ हा शब्द नाहीच, फक्त ‘इतर’ आहे. मला हे फार बोलके वाटते; घटनाकारांनीही खर्चाची जात न सांगता खातेच सांगितले.

‘भांडवल’ मात्र आपल्या मातीतला. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे भांडे, तसाच व्यापाऱ्याचा मालही. भांडार त्याच कुळातले. ज्याच्या जोरावर पुढचा व्यवहार चालतो ते भांडवल. म्हणून ‘भांडवली खर्च’ ऐकताच अर्थ लागतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. केंद्राने राज्याला पूल बांधायला अनुदान दिले, तर केंद्राच्या हिशेबात ते महसुली खर्चात जाते, कारण पूल उभा राहतो तो राज्याच्या मालकीचा. त्याच कामासाठी कर्ज दिले तर ते भांडवली, कारण येणे केंद्राच्या नावावर उभे राहते. पूल तोच, पैसाही तेवढाच. हा विसंवाद खटकल्यामुळेच 2011-12 च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून ‘प्रभावी महसुली तूट’ मांडली जाऊ लागली: महसुली तुटीतून, म्हणजे महसुली खात्यात जमेपेक्षा जितका जास्त खर्च झाला त्यातून, मालमत्ता उभारणीसाठी दिलेली अनुदाने वजा करून.

यावरून ‘चालू खर्च’ का पुरत नाही तेही दिसते. ‘चालू’ म्हटले की दरवर्षी होणारा खर्च डोळ्यांपुढे येतो. पुलासाठी एकदाच दिलेले अनुदान त्यात बसत नाही. शिवाय ‘महसुली तूट’ या शब्दाचा आधारच जाईल. ती एकाच खात्याच्या दोन बाजूंमधली तफावत आहे. ‘महसुली’ म्हणजे वाया गेलेला, हा समजही चुकीचा आहे. शाळेची इमारत भांडवली, शिक्षकांचे पगार महसुली. शिक्षकांविना त्या इमारतीचा काय उपयोग?

याच संदर्भात घासण्याशी नाते सांगणारा ‘घसारा’ हा नितळ मराठी शब्द आठवतो: वापराने मालमत्तेची होणारी झीज पैशांत मांडलेली. हिशेबाच्या रोखीच्या पद्धतीत पुलाचे पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी खर्ची पडतात. पुढे पूल झिजत राहतो, पण वहीत त्याची नोंद होत नाही. न्यूझीलंडने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उपार्जित पद्धत (पैसे कधी दिले हे न पाहता खर्च ज्या वर्षाचा त्या वर्षी नोंदवण्याची) स्वीकारली, तेव्हा सरकारी मालमत्तेची झीज दरवर्षीच्या खर्चात दिसू लागली. म्हणजे या पद्धतीत पूल बांधताना होतो तो भांडवली खर्च, पण त्याच पुलाचा घसारा दरवर्षी त्या वर्षाच्या खर्चात मांडला जातो.