'नुकनेख्' म्हणजे नमस्कार नव्हे

प्रश्न असा आहे: 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथांच्या मालिका-चित्रपटांतले क्लिंगॉन लोक, म्हणजे परग्रहावरची लढवय्यी जमात, भेटल्यावर 'नुकनेख्' म्हणतात. त्याचा अर्थ अनेकदा 'नमस्कार' असा सांगितला जातो. मराठीत तोच वापरावा का?

वापरू नये. 'नुकनेख्'चा सरळ अर्थ 'तुला काय पाहिजे?' एवढाच. १९७९च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातले मोजके क्लिंगॉन उच्चार जेम्स डूअन या नटाने सुचवलेले होते. त्यांना धरून मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी अख्खी भाषा रचली आणि पुढच्याच वर्षी शब्दकोश काढला. त्यात सांगितलंच आहे की 'नमस्कार', 'कसं काय' असले शब्द या लोकांकडे नाहीत. तोंड उघडायचं ते कामापुरतं. तेव्हा 'काय पाहिजे?' हेच चपखल. पेठेतल्या दुकानात असं स्वागत झालेल्या वाचकाला तळटीपही लागणार नाही. निरोपाच्या 'कप्ला'चा अर्थ 'यश'. तिथे 'यशस्वी हो' चालेल; 'विजयी भव' म्हटलं की पौराणिक नाटकातले ऋषी आठवतात.

शिष्टाचार नसला तरी मान-अपमान या भाषेत भरपूर आहे, फक्त तो प्रत्ययांत दडलाय. बोलू शकणारे जीव, शरीराचे अवयव आणि बाकी सगळं, अशा तीन वर्गांना अनेकवचनाचे तीन वेगळे प्रत्यय लागतात. 'पुक' म्हणजे मूल. 'पुकपु' म्हणजे मुलं. पण त्यालाच वस्तूंचा प्रत्यय लावून 'पुकमेय' म्हटलं, तर 'जिकडे तिकडे पोरंच पोरं' अशी छटा येते. 'माझा' या अर्थाचेही दोन प्रत्यय आहेत, एक बोलणाऱ्यांसाठी, दुसरा न बोलणाऱ्यांसाठी. मित्राला दुसरा लावला तर व्याकरण बिघडत नाही, मित्राचा अपमान मात्र होतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'कुठे गेलं ते ध्यान?' या वाक्यात आपण माणसाला नपुंसकलिंगात ढकलून नेमकं हेच करतो. आपल्याकडे त्यात कधी लाडही असतो, हा फरक अनुवादात सांभाळावा लागेल.

'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न विचारलेला नाही, पण अनुवाद करताना तो येणारच. क्लिंगॉनमध्ये एकवचन आणि अनेकवचन आहे, आदरार्थी बहुवचन नाही. वरिष्ठाशी बोलताना क्रियापदाला 'नेस' हा आदराचा प्रत्यय लावता येतो, पण तो सक्तीचा नाही आणि क्वचितच लावतात. मी कप्तानालाही 'तू'च ठेवीन, आणि 'नेस' येईल तिथे वाक्याला 'सरकार' जोडीन. कानाला खटकेल. खटकू द्या.

शब्दाची निवड रिवाज पाहूनच करावी लागते, हे मृत्यूच्या प्रसंगी फार जाणवतं. मालिकेच्या १९८८च्या 'हार्ट ऑफ ग्लोरी' या भागात सोबती मरतो तेव्हा क्लिंगॉन त्याच्या डोळ्यांत पाहतात आणि मान वर करून डरकाळी फोडतात. ती डरकाळी शोकाची नसते. एक योद्धा येतोय, सावध राहा, अशी आधी मेलेल्यांना दिलेली ती ताकीद असते. मागे उरलेलं शरीर त्यांच्या लेखी नुसती रिकामी खोळ; त्याचं काय करायचं ते करा. इथे 'पार्थिव' लिहिलं की लगेच पुष्पचक्रं दिसू लागतात. मी साधं 'प्रेत' लिहीन.