नदीकाठी कॅम्परव्हॅन लावायची तर

भावा, कोल्हापूरकडच्या भोगावती नदीच्या खोऱ्यात पहिल्यांदाच ही राहायची-झोपायची सोय असलेली गाडी घेऊन चाललायस, तर नुसतं पाणी बघून जागा पक्की करू नको. आधी झाडं बघ. फांद्यांत वाळकं गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकल्या असतील तर पूर तिथवर चढतो. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचार, तो बोट दाखवून सांगेल. जून ते सप्टेंबर काठावर मुक्काम नकोच. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि ज्यांवरून रस्ता जातो ते खालचे बंधारे पाण्याखाली गेले की परतीची वाटच बंद.

मग जमीन. काळ्या रानात एका वळवानं चाक रुततं, मुरमाड उंचवटा शोध. एसी चालवणार असशील तर १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग स्वतः तपास.

टॉयलेटची टाकी कुठं रिकामी करायची, हे बुकिंगआधीच विचार. ‘ओढ्यात सोडा’ म्हणाले तर ती जागा घेऊच नको. तेच पाणी पुढं पंचगंगेत जातं, आणि त्या नदीचे हाल आधीच बघवत नाहीत.

उसाच्या हंगामात उजेडातच पोहोच, अंधारात ट्रॉल्या दिसत नाहीत.