दुखणं पोटरीतून कमरेत आलं, व्यायाम थांबवू का?

प्रश्न : वय ४१. दीड महिना उजव्या कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते, पायाच्या करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची, चकती (डिस्क) बाहेर आलेली दिसली. फिजिओथेरपिस्टनी पालथं झोपून हातांवर उठायला सांगितलं. आता पोटरीची कळ थांबली, पण कंबर जास्त दुखते. घरचे म्हणतात, व्यायाम बंद कर.

उत्तर : बंद करू नका. कळ पायातून वर सरकून कमरेशी गोळा झाली, तर कंबर काही दिवस जास्त दुखली तरी ती सुधारणाच आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे.

चकतीच्या मधोमध मऊ, ओलसर गर असतो आणि त्याभोवती तंतूंचे थर. पुढे वाकलं की गर मागे ढकलला जातो. मागे मधोमध अस्थिबंध आधाराला असतो, त्यामुळे फुगवटा सहसा एका बाजूला येतो, आणि नस नेमकी तिथूनच जाते. तुमच्या ठिकाणी सापडते ती एस-१ची नस. पोटरी, टाच, करंगळी हा तिचाच भाग.

व्यायाम मात्र नीट व्हायला हवा. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं पडा, मग तेवढाच वेळ कोपरांवर. त्यानंतर तळवे खांद्यांखाली ठेवून हातांच्या जोरावर छाती उचला. ओटीपोट गादीवरच राहू द्या, वर गेल्यावर श्वास सोडून कंबर सैल सोडा. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. बहुतेकांचं चुकतं ते इथे : पुठ्ठे आवळले जातात किंवा भुजंगासनासारखी पाठ ताणून वर येतात. इथे काम हातांचं, पाठीचं नाही. आणि व्यायाम करून लगेच सोफ्यावर पोक काढून बसलात तर केलेलं वाया जातं.

कळ पुन्हा पोटरीत उतरली आणि तिथेच राहिली, तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. रोज एकदा भिंतीला हात टेकून उजव्या पायाच्या चवड्यावर उभे राहून पाहा. टाच उचलणं दिवसेंदिवस जड जात असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. यात उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

प्रश्न : सकाळी केर काढताना कंबर धरते, दुपारी तेच काम जमतं. असं का?

उत्तर : रात्री आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून ताई, उठल्यावर पहिला तासभर केर, फरशी, खालची कळशी उचलणं टाळा. चपलेचा पट्टा लावायचा तर पाय स्टुलावर ठेवा. मात्र वय चाळिशीच्या आत असेल, आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हालचालीने कमी आणि विश्रांतीने वाढत असेल, आणि असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा; तो सुजेचा आजार असू शकतो.

प्रश्न : कमरेचा पट्टा दिवसभर लावू का?

उत्तर : नको. प्रवासापुरता, जड कामापुरता लावा आणि काढून ठेवा.