१९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटल या अमेरिकी गाडीचं एवढं कौतुक का होतं? आणि ती रिस्टोअर करणं अवघड असतं का?

कौतुक होतं ते तिच्या साधेपणाचं. १९५९ ची कॅडिलॅक आठवा: मागे उंच पंख, जिथे तिथे क्रोम. (मला तीही आवडते, पण लग्नाच्या घोड्यासारखी!) त्यानंतर दोनच वर्षांत एलवूड एंगेल यांच्या चमूने ही लिंकन आणली. बाजू सपाट, आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत वरच्या कडेने धावणारी एकच चकचकीत पट्टी. मुळात हे डिझाइन फोर्डच्या थंडरबर्ड गाडीसाठी होतं; लिंकनही फोर्डचीच. फोर्डचे बडे अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी ते पाहिलं आणि चार दारांची लिंकन करायला लावली. आधीच्या मॉडेलपेक्षा ती सव्वा फुटाने आखूड झाली, तरी रुबाब वाढलाच. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दोन्ही दारं कपाटासारखी उघडतात.

रिस्टोरेशनचं म्हणाल तर पक्क्या छपराची सेडान घ्या, कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची) नको. कन्व्हर्टिबलचं छप्पर खाली घेताना डिकीचं झाकण मागच्या बाजूला उघडतं, छप्पर घडी होऊन आत जातं, झाकण पुन्हा मिटतं. या खेळात हायड्रॉलिक सिलिंडर, मोटरी, रिले, लिमिट स्विच सगळे ठरलेल्या क्रमाने चालतात. एक स्विच गंजला की छप्पर अर्ध्यात हवेत लटकतं.

या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच, म्हणून घेण्याआधी गाडी उचलून खालचा पत्रा ठोकून बघा. ७ लिटरचं व्ही-८ इंजिन दुरुस्त होतं. कुजलेला तळ मात्र खिसा रिकामा करतो.