'नक्की'च्या रकान्यातली एकसष्ट नावं

अर्ज मागे घ्यायला दोन दिवस उरले होते तेव्हा ती आली. दुसऱ्या वर्षाला शिकणारी, विद्यार्थी संघाच्या सचिवपदासाठी उभी राहिलेली. खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, हरले तर वर्गात तोंड कसं दाखवू?"

निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. कुणी म्हणतो भाषणाच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो, कुणी घरी अजून सांगितलेलंच नसतं, कुणाला झोप नसते. खाली खरवडून पाहिलं तर बहुतेकदा हेच निघतं. म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकिकत सांगते.

पहिल्या भेटीत मी घाई केली. "अगं, हरण्यात कसला कमीपणा?" असं बोलून गेले. ती एकदम गप्प झाली. आपली भीती समोरच्याला क्षुल्लक वाटते आहे असं दिसलं की माणूस ती झाकून ठेवतो, आणि झाकलेल्या भीतीवर काम करता येत नाही. मग मीही गप्प बसले. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून एक वही काढली आणि मागचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

पानावर तीन रकाने होते. नक्की, कदाचित, नाही. नावं पेन्सिलीने लिहिलेली, खोडलेली, शेजारच्या रकान्यात नेलेली. एका जागी खोडून खोडून कागद इतका विरला होता की पलीकडच्या पानावरचं अक्षर दिसत होतं.

"हे कुणाचं नाव?"

"माझ्या मैत्रिणीचं. सकाळी हसली की नक्कीत टाकते. नाही हसली की कदाचितमध्ये."

रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे चालायचं. अभ्यास बाजूला, प्रचारसुद्धा बाजूला. दिवसभर चेहरे वाचायचे आणि रात्री त्यांचा हिशेब मांडायचा. ते पान बघून मला कळलं की पद मिळालं नाही तर काय, ही तिची भीती नव्हतीच. निकालाच्या कागदावर नावापुढे आकडा येणार आणि तो सगळे वाचणार, ही होती. तो आकडा म्हणजे आपण लोकांना किती आवडतो याचं प्रमाणपत्र, असं तिने धरलं होतं.

मी विचारलं, "उभी का राहिलीस?"

"वाचनालय सहाला बंद होतं मॅडम. ज्यांची प्रॅक्टिकल्स साडेपाचपर्यंत चालतात त्यांना अर्धा तास मिळतो. मी दोनदा ऑफिसात जाऊन आले. म्हणाले, प्रतिनिधीमार्फत या." हे सांगताना तिचा आवाज वेगळा होता. मान वर होती.

अर्ज ठेवायचा की काढायचा हे मी कुणालाच सांगत नाही. पण एक प्रश्न आवर्जून विचारते: उभं राहायची इच्छा मुळात कुणाची? पॅनलमध्ये एक नाव कमी पडत होतं, सीनियरनी फॉर्म भरला, तू फक्त सही केलीस, असं असेल तर अर्ज मागे घेण्यात काहीही लाजिरवाणं नाही. मुदतीच्या आत माघार घेणं हा उमेदवाराचा हक्कच आहे. धमकी किंवा दडपण असेल तर ते एकट्याने सोसू नये, निवडणूक घेणाऱ्या शिक्षकांच्या कानावर घालावं. आणि कितीतरी दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, इथवर गोष्ट गेली असेल तर निवडणूक बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी, त्याच दिवशी.

हिच्या बाबतीत तसं नव्हतं. सूचक तिनेच शोधला होता, अनुमोदकही तिनेच. अर्ज राहिला.

मग आम्ही त्या आकड्याकडे वळलो. तिला मी दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतले मतदार होते. आपला उमेदवार हरला तर महिन्याभराने आपल्याला कसं वाटत असेल, याचा अंदाज त्यांनी आधी सांगितला होता. ज्यांचा उमेदवार हरला ते महिन्याने प्रत्यक्षात त्या अंदाजाइतके दुःखी नव्हते. माणूस सावरतो, पण आपण सावरू हे त्याला आधी दिसत नाही. दुसरा थॉमस गिलोविच यांचा, 2000 सालचा. विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं.

तिने लगेच अडवलं. "पण ते मतदार होते. मी उमेदवार आहे." बरोबर होतं तिचं. उमेदवाराला जास्त लागतं, आणि हे मी तिच्यापासून लपवलं नाही. फक्त एवढं म्हटलं की जास्त लागेल, पण तू आत्ता रात्री दोनला धरतेस तितके दिवस ते टिकेलच असं नाही.

पुढच्या दहा दिवसांसाठी काही गोष्टी ठरल्या. रात्री नऊनंतर वही बंद. रोज दोन वर्गांत जायचं, दोन मिनिटं बोलायचं, आणि बोलायचं ते वाचनालयाबद्दलच. दारात उभं असताना छाती धडधडली तर "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावायचं नाही. "मला हे बोलायची उत्सुकता आहे" असं मोठ्याने म्हणायचं. धडधड दोन्हीत सारखीच असते, म्हणून भीतीवरून उत्सुकतेवर येणं शांत होण्यापेक्षा सोपं जातं. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आधीच लिहून ठेवायचा, तासातासाने: कोणत्या तासाला बसणार, कुणासोबत, कुणी विचारलं तर कोणतं एक वाक्य म्हणणार. तिने लिहिलेलं वाक्य होतं, "थोडक्यात नाही, बऱ्यापैकी हरले, पण वाचनालयाचा अर्ज देणारच आहे."

ती हरली. 'नक्की'मध्ये 61 नावं होती, मतं पडली 48.

दुसऱ्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे वर्गात बसली, ते वाक्यही म्हणाली. तोंड दाखवणं जमलं. पण चौथ्या दिवशी माझ्याकडे आली ती तीच वही घेऊन. "मॅडम, ते तेरा जण कोण?"

खरं अवघड काम इथून सुरू झालं. हरलेला उमेदवार मतमोजणी संपली तरी थांबत नाही, तो माणसं मोजायला लागतो. मी तिला विचारलं, "तोंडावर 'तुलाच देणार' म्हणणाऱ्यांना दुसरं काय म्हणता आलं असतं?" विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत तिन्ही उमेदवार एकाच बाकांवरून फिरतात आणि तिघांनाही हो मिळतो. तो हो म्हणजे भिडेखातर दिलेला शब्द. काही जण मत द्यायला पोचलेलेच नसतात, काहींची मतं बाद होतात, काहींना दुसऱ्याचा मुद्दा खरंच जास्त पटलेला असतो. मतदान गुप्त ठेवतात ते याचसाठी, की उद्या कुणाला कुणासमोर जाब द्यावा लागू नये. त्या तेरांचा शोध लावायला निघालीस तर 61 जणांवर संशय घ्यावा लागेल, आणि त्यातले बरेचसे तुझेच असतील.

ती रडली. बराच वेळ. मी तिला थांबवलं नाही.

"मैत्रिणीला विचारू का?" ती शेवटी म्हणाली.

"ती हो म्हणाली तर तुझा विश्वास बसेल?"

तिने मान हलवली. नाही.

महिन्याभराने ती परत भेटली. निवडून आलेल्या सचिवाने तिचाच अर्ज पुढे नेला होता, वाचनालयाच्या वेळेचा निर्णय अजून व्हायचा होता, आणि सह्या गोळा करायला ती स्वतः वर्गावर्गात फिरत होती. मैत्रिणीबद्दल मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "ती हसली नाही की अजून मनात येतं मॅडम. पण वही नाही काढत."